शिट्टी झाली की डावीकडे

छोटूला दवाखान्यातून घरी आणायचं म्हणून त्या दुपारी या घराण्यानं अख्खा रस्ता बंद पाडला.

रुग्णवाहिका समोरच्या फुटपाथला लागली होती. तिथून घराचं फाटक अठरा पावलांवर. दुसरं कुणी असतं तर दोन्हीकडे बघून, खुर्ची ढकलत, दोन-चार शिव्या खात अलीकडे आलं असतं. पण ही मंडळी तीन पिढ्या रस्ते करणारी. यांना रस्ता ओलांडता येत नाही, फक्त बंद करता येतो. थोरल्या जाऊबाईंनी सकाळीच बावीस नारिंगी शंकू धुऊन पुसून तयार ठेवले होते. रोलर भाऊजी रस्त्याच्या वरच्या तोंडाला आडवे उभे राहिले. ते रोलर चालवायचे आणि स्वतःही तसेच चालायचे, म्हणून त्यांना सख्खी मुलगीसुद्धा रोलर म्हणायची. खालच्या तोंडाला जाऊबाई, हातात ‘थांबा’ची पाटी घेऊन. शाळा सुटल्यावरही कुणी इतक्या कडक चेहऱ्यानं पोरांना रस्ता ओलांडून दिला नसेल.

चाळीस माणसांची बस थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“कसलं काम चाललंय, बाई?”

“काम नाही, दीर चाललाय,” जाऊबाई म्हणाल्या. “इंजिन बंद करा.”

आणि तो दीर खरंच चालला होता. चाकांच्या खुर्चीत बसून, उजवा पाय तोफेसारखा पुढे काढून. बेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंच, जाड मिशीचा हा माणूस शेंडेफळ असल्यामुळे मरेपर्यंत छोटूच राहणार होता. प्लास्टरवर पुतणीनं चमकपट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या उन्हात लखलखत होत्या. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तसा छोटू निवडून आल्यासारखा दोन्हीकडे हात हलवायला लागला.

“हात खाली घ्या,” मागून खुर्ची ढकलणारी धाकटी म्हणाली. “बरगड्या तुटल्यात तुमच्या.”

“तीनच तुटल्यात. बाकीच्या हलवतोय.”

धाकटी म्हणजे त्याची बायको. तिला हसू फुटलं आणि हसता हसता खुर्ची वाकडी गेली. नवरा जिवंत होता, फाजीलपणा करत होता, ऊन पडलं होतं. तेवीस दिवसांनी तिला आपल्या चपलांचा आवाज ऐकू आला.

सगळ्यांना काम होतं. काम नव्हतं ते एकट्या ताईला. छोटूची ही थोरली बहीण, एक्कावन्न वर्षांची. त्यातली सत्तावीस वर्षं तिनं तोंडात शिट्टी धरून कामाच्या तोंडाशी पहाऱ्यावर काढलेली. आज ती विजेच्या खांबाशेजारी दोन्ही हात खिशात घालून उभी होती आणि खांबसुद्धा तिच्यापेक्षा कामाचा वाटत होता. खुर्ची तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली.

“वन्सं, जरा बाजूला,” धाकटी म्हणाली.

तसं वन्सं म्हणण्यात वावगं काही नाही. पण चौदा वर्षं ताई-ताई करणारी भावजय एकाएकी वन्सं म्हणू लागली की घरातल्या मांजरांचेही कान टवकारतात. ताई बाजूला झाली.

धाकटीचं शिवणकामाचं दुकान तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत होतं. जिन्यानं खुर्ची चढणार नाही म्हणून छोटूची खाट तिथंच टाकली होती. एका भिंतीला मशीन. डाव्या भिंतीला टोळीची चमकपट्टीची जाकिटं टांगलेली लांब दांडी. दांडीखाली बटणांचे डबे, वेलक्रोची भेंडोळी, कापडाचे तागे. आणि मशीनशेजारी एक नवंकोरं छोटं टेबल, ज्याबद्दल धाकटीनं डॉक्टरांना सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, भाजीवाल्याला सांगितलं होतं. नवऱ्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं. पाय जुळला की तो या टेबलाशी बसून बटणं लावणार होता. रस्त्यावर पुन्हा जाणार नव्हता. तिनं ठरवलं होतं आणि या घरात ती एकदा ठरवलेलं बदलत नाही अशी तिची ख्याती होती.

चहा आला. खोलीत सहा माणसं, पाच कप. नेहमीप्रमाणे सासरे म्हणजे जुने मुकादम आणि नात यांच्यात एक कप आणि एक बशी.

या घरात वर्षं आकड्यांनी मोजत नाहीत. ‘बाबांचा खुबा गेला त्या साली’ म्हटलं की एका मोटारीचा आरसा आठवायचा, आणि ‘रोलरचा खांदा निखळला त्याच्या आदल्या वर्षी’ म्हटलं की जाऊबाईंचं लग्न. पण बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, गाडीवाल्यांना इथं फारशा शिव्या पडत नाहीत. तेवीस दिवसांपूर्वी छोटूला धडकलेली, पार्सलं पोचवणारी ती व्हॅन शंकू उडवत आत आली, तिचा चालक मान खाली घालून फोन बघत होता. त्याचं काय करायचं ते कोर्ट करील. गाडीवाला चुकणारच, हे धरूनच ही मंडळी घराबाहेर पडतात. म्हणून तर शिट्टी असते. आणि म्हणूनच तेवीस दिवस घरात एकच प्रश्न जेवणाच्या ताटापासून अंथरुणापर्यंत फिरत होता, की मग शिट्टीचं काय झालं?

मुकादमांनी बशीतला चहा संपवला, खिशातून शिट्टी काढली आणि खाटेवर ठेवली. पितळी, दोरी घामानं काळी पडलेली.

“सोमवारी बाजाराच्या रस्त्याचं काम सुरू होतंय,” ते म्हणाले. “पहाऱ्यावर कोण, ते आज ठरू द्या. छोटू घरी येईस्तोवर थांबलो होतो. आज पाठ द्यायची.”

ओठाला लावलेले कप खाली आले.

पाठ देणं ही या टोळीची जुनी रीत. काम करताना माणसाची पाठ रस्त्याकडे असते, त्याच्या वाटणीचे डोळे पहारेकऱ्याकडे गहाण. म्हणून पहारेकरी मुकादम नेमत नाही. फाटकात रस्त्याकडे तोंड करून तो उभा राहतो, आणि मागे टोळीतला एकेक जण आपणहून रस्त्याकडे पाठ फिरवतो. सगळे फिरले तर शिट्टी त्याची. एक जरी फिरला नाही तरी शिट्टी दुसऱ्याला. न फिरणाऱ्याला कारण विचारायचं नाही. सत्तावीस वर्षांत ताईला कुणी पाठ दिली नाही असं झालं नव्हतं.

“मी स्पष्टच बोलते,” जाऊबाई म्हणाल्या. त्या अस्पष्ट बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. “आता शिट्टी भिंगरीला द्या. बावीस वर्षांची आहे, डोळे चांगले आहेत.”

“आई!” भिंगरी म्हणाली. ही रोलर भाऊजींची मुलगी. एका जागी दोन मिनिटं उभी राहत नाही म्हणून भिंगरी.

“हिला पहाऱ्यावर?” रोलर भाऊजी म्हणाले. “अगं, ही गाडी यायच्या आधी स्वतःच निघून जाईल.”

“तुम्ही तुमच्या बहिणीचीच बाजू घेणार.”

“मी भिंगरीची बाजू घेतोय. ती माझी मुलगी आहे ना?”

“ते तुम्हाला आत्ता आठवलं?”

“मला जाऊबाईंचं पटतं,” धाकटी म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. या दोघी जावांचं चौदा वर्षांत मिठाच्या प्रमाणावरूनही एकमत झालं नव्हतं. जाऊबाई स्वतःच इतक्या चकित झाल्या की त्यांनी धाकटीच्या कपात आपला अर्धा चहा ओतला.

“भांडू नका,” ताई दारातून म्हणाली. आत यायचं की नाही हे न ठरल्यासारखी ती उंबऱ्यावरच उभी होती. “मला नकोच आहे शिट्टी. उशीर झाला माझ्याकडून. त्याला उडी मारायला वेळ मिळाला नाही. एवढं साधं आहे ते.”

“नव्हता झाला,” छोटू खाटेवरून म्हणाला.

“तू गप. तू गोळीत आहेस,” रोलर भाऊजी म्हणाले.

हे खरं होतं. दवाखान्यातून निघताना दिलेली दुखण्याची गोळी त्याला छान लागली होती. मघापासून तो छताकडे बघून मिशीत हसत होता.

“गोळीत आहे म्हणूनच सांगतोय. एरवी लाज वाटते.”

“कसली लाज?” धाकटीनं विचारलं.

“सांगून कळायचं नाही. बाबा, जरा शिट्टी बघू.”

मुकादमांनी ती त्याच्या हातात दिली. आजाऱ्याचा हट्ट म्हणून दिली. छोटूनं ती निरखून बघितली, दोरी गुंडाळली, आणि कुणाला काही कळायच्या आत तोंडात धरून जी काय फुंकर मारली!

खोलीत वीज पडल्यासारखं झालं. एका क्षणात रोलर भाऊजी, जाऊबाई, भिंगरी, शहात्तर वर्षांचे पोलादी खुब्याचे मुकादम, सगळे डावीकडे झेपावले. डावीकडे जाकिटांची दांडी होती. दांडी कोसळली, तागे घरंगळले, बटणांचे सातही डबे उपडे झाले आणि तीन पिढ्या जाकिटांच्या ढिगात एकमेकांच्या अंगावर पडल्या. मुकादमांच्या डोक्यावर एक जाकीट, त्यातून फक्त बशी धरलेला हात बाहेर. बशी फुटली नव्हती.

ढिगाच्या सगळ्यात तळाशी धाकटी होती. जिनं आयुष्यात डांबराला हात लावला नव्हता, ती शिंपीण धाकटी. ती सगळ्यांच्या आधी पोचली होती.

“अगं बाई गं,” जाऊबाई ढिगातून म्हणाल्या. “ही बघा. आपल्यापेक्षा पुढे!”

“चौदा वर्षं जेवताना बाबा शिट्टी वाजवतात,” धाकटी खालून ओरडली. “शेवटी उडी मारेल त्यानं भांडी घासायची! आधी उठा माझ्यावरून!”

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. भिंगरी हसता हसता बटणांवरून घसरून पुन्हा पडली. रोलर भाऊजींचं हसणं सुरू व्हायला उशीर लागतो, पण एकदा सुरू झालं की उतारावर लागतं. छोटू बरगड्या धरून “नका, नका, दुखतंय” म्हणत रडत होता आणि पुन्हा हसत होता.

“बघितलंत?” तो म्हणाला. “कुणी विचार केला डावं की उजवं? पायच गेला. त्या दिवशी माझाही असाच गेला.”

हसणं हळूहळू विरलं.

मुकादमांनी डोक्यावरचं जाकीट काढलं. “त्या दिवशी सकाळी मी तीनदा सांगितलं होतं. आज काम रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. गाड्या डावीकडून जाणार. शिट्टी झाली की आज उजवीकडे. प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं.”

“घेतलं होतंत. मी वदलोही होतो,” छोटू म्हणाला. “दाताळ्यानं डांबर सारखं करत होतो. शिट्टी झाली. अगदी वेळेवर झाली, ताई. हवा तितका वेळ होता. मी व्यवस्थित उडी मारली. पाचव्या वर्षापासून शिकवलीय तशी, दोन्ही पाय उचलून, डावीकडे. थेट व्हॅनसमोर.”

एक बटण अजून जमिनीवर गोल फिरत होतं.

“मीसुद्धा,” भिंगरी हळूच म्हणाली.

“काय मीसुद्धा?”

“मीसुद्धा डावीकडेच मारली, आजोबा. माझ्या डावीकडे रोलर उभा होता. त्याच्या चाकावर आपटले आणि खाली बसले. अजून इथं हिरवंनिळं आहे.”

“मी म्हटलं घाबरून बसलीस,” रोलर भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

जाऊबाईंनी पदरानं तोंड पुसलं, खाकरल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मी पाटी धरून दुसऱ्या टोकाला होते. उलट्या तोंडानं. म्हणून माझं डावं नेमकं बरोबर पडलं.”

प्रत्येकाला तेवीस दिवस वाटत होतं की गाढव आपणच एकटे. आता गाढवं मोजली तर टोळी पुरी भरत होती. पुन्हा कुठून तरी हसू फुटायला लागलं, पण मुकादमांचा चेहरा बघून सगळ्यांनी ते गिळलं.

“म्हणजे छोटूचा पाय मी मोडला,” मुकादम म्हणाले.

“अर्धा,” छोटू म्हणाला. “दोन ठिकाणी मोडलाय. एक तुमचा, एक व्हॅनचा.”

म्हातारा एवढासा झाला होता. त्यानं हसायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. मग नाक पुसून तो एकदम मुकादमी आवाजात म्हणाला, “आजपासून डावं-उजवं बंद. शिट्टी झाली की रोलरच्या मागे. रोलर जिथं असेल तिथं. रोज सकाळी रोलरला हात लावून कामाला लागायचं.”

“आणि मी काय करू?” रोलर भाऊजींनी विचारलं.

“तू रोलरवरच असतोस. तू कुठंही उडी मारू नकोस.”

एवढ्या गोंधळात धाकटीचं लक्ष दाराकडे गेलं. ताई उंबऱ्यावरच होती. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. शिट्टी वाजली तेव्हा सगळं घर उडालं आणि ही बाई जागच्या जागी गर्रकन फिरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली होती. अजून तशीच होती. नजर फाटकाबाहेर, हात पसरलेले, मागच्या माणसांना अडवल्यासारखे.

“आत्या,” भिंगरीनं विचारलं, “तुला दिसलं नाही काका कुठं गेला ते?”

“मी गाडीकडे बघत होते,” ताई न वळता म्हणाली. “पहाऱ्यावरच्यानं माणसांकडे बघायचं नसतं. माणसं आपली असतात, नजर अडकते. मी फक्त गाडीकडे बघते.” तिनं पसरलेले हात खाली घेतले. “मला वाटलं, तो हललाच नाही.”

धाकटीचा राग गेले तेवीस दिवस नणंदेवर होता. तो आता रिकामा झाला आणि क्षणभर कुठं जावं हे त्याला कळेना. मग कळलं. ती नवऱ्याकडे वळली.

“तेवीस दिवस!” ती म्हणाली. “तेवीस दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. दवाखान्याच्या दारात भेटल्या तर तोंड फिरवलं. तुम्हाला डबा घेऊन आल्या तर म्हटलं, ठेवा तिथं. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही पलंगावर बसून केळी खात होतात!”

“अगं, मला वाटलं सगळे हसतील.”

“मग हसले असते! मेलं काय जातं हसण्यात?”

“वहिनी, जाऊ दे, आजारी आहे तो,” ताई म्हणाली.

“अहो ताई, तुम्ही गप्प बसा!”

तोंडातून निघून गेलं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. जाऊबाईंनी भिंगरीला कोपरानं ढोसलं. ताई दाराची चौकट धरून उभी राहिली.

“तरीही शिट्टी नको,” ती म्हणाली. “या वेळी उशीर झाला नव्हता. पुढच्या वेळी होईल. आता शिट्टी ओठाला लावली की मला ते जमिनीवर पडलेलं दाताळं दिसतं.”

“ते तुझं तू बघ,” मुकादम उठत म्हणाले. “शिट्टी कुणाला द्यायची हे पहारेकरी ठरवत नाही, पाठी ठरवतात. चला अंगणात.”

अंगण म्हणजे घर आणि पत्र्याची शेड यांच्यामधली फरसबंदी. एका अंगाला फाटक आणि फाटकापलीकडे रस्ता. दुसऱ्या अंगाला शेडचा हिरवा पत्रा. शंकू अजून रस्त्यावरच होते, जाऊबाई ते उचलायला विसरल्या होत्या, आणि गाड्या निमूटपणे त्यांना वळसा घालून जात होत्या.

ताई फाटकात उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. मुकादमांनी तिच्या गळ्यात शिट्टी अडकवली. मागे टोळी आपापली हत्यारं घेऊन. भिंगरीकडे फावडं, जाऊबाईंकडे पाटी, रोलर भाऊजींकडे रोलरची किल्ली. छोटूनं हट्टानं दाताळं मागवून घेतलं होतं, ते त्याच्या मांडीवर आडवं होतं. धाकटी टोळीतली नव्हती. तिला पाठ द्यायचा अधिकार नव्हता. पण छोटूला बरगड्यांमुळे चाकं फिरवायला डॉक्टरांनी बंदी केली होती, आणि खुर्चीच्या मुठी धाकटीच्या हातात होत्या.

भिंगरी पहिल्या झटक्यात फिरली. इतक्या झटक्यात की फावडं पत्र्याला लागून ठणकलं.

“एक,” मुकादम म्हणाले.

रोलर भाऊजी वळले. त्यांना वळायला वेळ लागतो, तो लागला.

“दोन.”

जाऊबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी एकदा पोरीच्या पाठीकडे बघितलं, एकदा ताईच्या. मग धाकटीकडे बघितलं, मघाचा अर्धा चहा आठवत असल्यासारखं. “माझं डावं चुकीच्या बाजूला पडलं असतं ना,” त्या पुटपुटल्या, “तर तीही हिची चूक नसती म्हणा,” आणि पाटी खांद्यावर टाकून फिरल्या.

“तीन.”

ताईचे खांदे वर आले होते. मागे कोण फिरलं, कोण राहिलं, तिला बघता येत नव्हतं. ती फक्त पावलं मोजत होती.

“फिरव मला,” छोटू म्हणाला.

धाकटीनं मुठी धरल्या होत्या. पण हात हलेनात. तिला कळत होतं की ही खुर्ची फिरली म्हणजे शिट्टी ताईची झालीच, पण तेवढंच नाही. पाठ देणारा माणूस कामावर परत जाणारा असतो.

“तुम्ही परत जाणार?”

“पाय जुळला की.”

“मी टेबल आणलंय तुमच्यासाठी. मशीनशेजारी. बटणं लावायला.”

छोटूची गोळी उतरली असावी. मग त्यानं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. “ते माझ्यासाठी होय? मला वाटलं, औषधं ठेवायला.” तो हसला नाही. “मला सुईत दोरा ओवता येत नाही गं. गरम डांबर एका हातानं सपाट करता येतं. असं की वरून पाणी ओतलं तर कुठंच थांबत नाही. मला तेवढंच येतं.”

“आणि मी रोज संध्याकाळी फाटकाकडे बघत बसू?”

“आजवर बसतच होतीस की.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं,” धाकटी म्हणाली. “आता माहीत झालंय कसं वाटतं ते.”

पत्र्याकडे तोंड करून उभे असलेले तिघं श्वास रोखून ऐकत होते. भिंगरीसुद्धा हलत नव्हती.

धाकटीनं मान वर केली. “ताई.”

“बोल.”

“हे परत तुमच्यामागे दाताळं घेऊन उभे राहतील. तुमचा भाऊच आहे. पाय आता अधू. तुम्हाला काळजी वाटेल. एकदा तरी वळून बघाल ह्यांच्याकडे?”

फाटकाबाहेरून एक ट्रक गेला. ताईनं तो पार जाईपर्यंत बघितला.

“नाही,” ती म्हणाली.

“एकदाही?”

“एकदाही नाही. मेला आहे की जिवंत, ते संध्याकाळी घरी येऊन बघेन. नजर वळवायची नाही, तेवीस दिवसांत तेच एक कळलंय मला. त्याच्याकडे बघायला तू आहेस.”

दुसरं काहीही उत्तर आलं असतं तर धाकटीनं खुर्चीचा ब्रेक लावला असता. तिनं एक मोठा श्वास घेतला, मुठी खाली दाबल्या, आणि दाताळ्यासकट, चमकपट्ट्यांसकट, तोफेसारख्या पायासकट नवरा गोल फिरवला.

“चार,” मुकादम म्हणाले. मग कुणी विचारलं नसताना तेही फिरले.

सगळं घर पत्र्याकडे तोंड करून ओळीनं उभं होतं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. जाऊबाईंचे खांदे आधी हलायला लागले, मग भिंगरीचे. हसू दाबण्याचा खुसखुस आवाज ओळीतून पुढे सरकत गेला.

“अगं, फार जवळ लावलीस,” छोटू कुजबुजला. “पाय पत्र्यात घुसतोय माझा.”

धाकटीनं खुर्ची वीतभर मागे ओढली, आणि मग तिचा बांध फुटला. दवाखान्यात फुटला नव्हता, सह्या करताना फुटला नव्हता, तो आता या हिरव्या पत्र्यासमोर फुटला. ती हुंदके देऊन रडली, हसत रडली, नाक वाहेपर्यंत रडली. सगळ्यांनी ऐकलं, पण बघितलं कुणी नाही. पाठ दिलेला माणूस मान वळवत नाही. आणि जिला वळता आलं असतं, ती फाटकात शिट्टी ओठांत धरून फक्त गाड्यांकडे बघत होती.